मोजपट्टीवरचा मासा



या व्यासपीठावर संतवाङ्मयावर बोलणारे येतात, सहकारावर बोलणारे येतात, देशाच्या अर्थकारणाची चिंता वाहणारे येतात. अशा ठिकाणी एखादा गृहस्थ मासे धरण्याच्या स्पर्धेवर बोलायला उभा राहिला, तर याला दुसरे काही सुचले नाही काय, अशी शंका तुमच्या मनात येणे स्वाभाविक आहे. पण मंडळी, आपले गाव प्रवरा आणि म्हाळुंगी यांच्या संगमावर वसलेले आहे. काठीला दोरा बांधून, गळाला कणकेची गोळी लावून, डोहाकडे टक लावून बसला नाही असा मुलगा निदान माझ्या पिढीत तरी या नदीकाठी विरळाच. तेव्हा विषय परका नाही. त्यातले वाहन तेवढे परके आहे. त्याचे नाव कयाक. आरंभ त्याच्यापासूनच करतो.

कयाक म्हणजे एका माणसाची, अरुंद, दोन्ही टोकांना निमुळती होडी. वल्हे एकच, पण त्याला दोन्ही टोकांना पाती. ग्रीनलंडपासून अलास्कापर्यंतच्या बर्फाळ किनाऱ्यांवर राहणाऱ्या इन्युइट लोकांनी आणि त्यांच्या पश्चिमेकडील अल्यूट लोकांनी ती घडवली. त्या मुलुखात होडीजोगे झाड उगवत नाही. समुद्र जे लाकूड वाहून आणील ते आणि जनावरांची हाडे यांचा सांगाडा करायचा आणि त्यावर सीलचे कातडे ताणून शिवायचे. मापे घ्यायची ती माणसाच्या अंगावरून, हाताच्या वावेने आणि कमरेच्या रुंदीने. आपण अंगरखा बेततो तशी होडी बेतायची! ती होती शिकाऱ्याची होडी. आवाज न करता सीलच्या जवळ जायचे, भाला फेकायचा आणि शिकार ओढत घरी आणायची. रिकाम्या हाताने परत यावे लागले तर पोटाला अन्न नाही आणि दिव्याला चरबीही नाही. एवढे ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आपल्याकडे याला जोड नाही असे मात्र समजू नका. वाळलेल्या भोपळ्यांची सांगड आपल्या वाडवडिलांनी वापरली. पुराच्या दिवसांत गुळाच्या काहिलीत बसून माणसे नदीपार झाली. आणि आज आपल्या धरणांच्या फुगवट्यावर पहाटे गेलात, तर ट्रकच्या टायरच्या फुगवलेल्या ट्यूबवर किंवा थर्माकोलच्या ठोकळ्यावर बसून, हातांनीच पाणी मारत जाळे सोडणारा माणूस तुम्हांला दिसेल. एक माणूस, एक तरंगते आसन आणि खाली मासा. कयाकची व्याख्या याहून निराळी नाही.

अमेरिकेत मात्र या होडीचे रूप पार पालटले आहे. ती आता प्लॅस्टिकची झाली. बारा-तेरा फूट लांब, वर पाठ टेकायला खुर्ची, मागे गळाच्या काठ्या उभ्या ठेवण्याच्या नळ्या. १९९७ साली हॉबी नावाच्या कंपनीने पायांनी चालवायचे यंत्र काढले. होडीच्या पोटाखाली दोन पंख पेंग्विन पक्ष्याच्या पंखांसारखे हालतात आणि हात गळ टाकायला मोकळे राहतात. मग जे व्हायचे ते झाले. माणसाला एखादी गोष्ट नीट करता येऊ लागली की तो तिची स्पर्धा भरवतो.

मी नोकरीनिमित्त बरीच वर्षे टेक्सास राज्यात काढली आणि तिथे हा नाद लागला. या स्पर्धेचे नियम सांगितल्यावाचून तिच्यातला वैताग तुम्हांला कळणार नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. मोटरबोटींच्या स्पर्धांत मासा पाण्याच्या टाकीत जिवंत ठेवतात आणि संध्याकाळी काट्यावर तोलतात. कयाकवर टाकीला जागा नाही. म्हणून येथे वजन नाही, लांबी. मासा धरायचा, मोजपट्टी कोरलेल्या पन्हाळीसारख्या फळीवर आडवा ठेवायचा, शेजारी त्या दिवसाचे कार्ड ठेवायचे, छायाचित्र काढायचे आणि मासा जिवंत पाण्यात सोडून द्यायचा. कार्डावरचा सांकेतिक अंक आदल्या रात्री जाहीर होतो, म्हणजे गेल्या आठवड्यातला मासा आज दाखवता येत नाही. तोंड मिटलेले आणि पट्टीच्या टोकाला टेकलेले हवे. अशा पाच सर्वांत लांब माशांच्या इंचांची बेरीज, पाव इंचापर्यंत मोजलेली, हे तुमचे गुण. छायाचित्र नाही तर मासा नाही.

इतका संशय कशाला, असे तुम्ही म्हणाल. संशयाला कारण आहे. २०२२ च्या सप्टेंबरअखेर क्लीव्हलंड शहरी, ईरी सरोवराच्या काठी, वजनावर चाललेल्या एका स्पर्धेत दोघा जणांचे मासे दिसायला बेताचे आणि काट्यावर भलतेच भारी निघाले. तपासनिसाने पोटे चिरली तर आत शिशाचे गोळे! पुढील वर्षी त्या दोघांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि दहा-दहा दिवसांची कैद भोगली. आपला दूधवाला पाणी घालतो म्हणून आपण त्याला बोलतो, पण शिसे चारून मासा वाढवणाऱ्यापुढे तो साधुपुरुष म्हणावा लागेल. मोजपट्टीचा एक गुण असा की शिशाने मासा लांब होत नाही.

आता तो दिवस. २०२४ च्या मार्चमधला शनिवार. डॅलस शहराच्या पूर्वेला मोटारीने दीड तासावर लेक फोर्क म्हणून धरणाचा जलाशय आहे, सुमारे सत्तावीस हजार एकरांचा. १९८० साली पाणी अडवले, तेव्हा त्यातली पुष्कळशी झाडे तोडली नाहीत, तशीच बुडू दिली. आज चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी त्यांचे करडे, निष्पर्ण सोट पाण्यातून हजारोंनी वर आलेले आहेत. आपल्या धरणाचे पाणी उतरले की बुडालेल्या गावच्या देवळाचे शिखर वर येते, ते पाहिलेल्या माणसाला हे दृश्य फारसे नवे वाटत नाही. या बुडालेल्या रानात मोठ्या तोंडाचा बास नावाचा मासा राहतो. लपून बसायचे आणि जवळून जाणाऱ्यावर झडप घालायची, हा त्याचा स्वभाव. टेक्सासमधला आजवरचा सर्वांत वजनदार बास याच तळ्यात १९९२ च्या जानेवारीत सापडला, १८.१८ पौंडांचा, म्हणजे सव्वाआठ किलोचा. आणि मौज अशी की ज्याला तो लागला तो त्या वेळी दुसऱ्याच, लहान जातीच्या माशांसाठी गळ टाकून बसला होता. मागणाऱ्याला मिळत नाही आणि न मागणाऱ्याच्या गळाला येते, याचा इतका ढळढळीत दाखला मला दुसरा ठाऊक नाही.

मार्च हा तिथला वीणीचा महिना. पाणी कोमट होऊ लागले की बास खोल पाणी सोडून काठाच्या उथळात येतो. नर शेपटीने तळ झाडून घरटे करतो आणि जवळ येणाऱ्या कशावरही तुटून पडतो. आठवडाभर हवा उबदार होती. गुरुवारी मी दोन तास पाहणी केली तेव्हा एका खाडीत घटकेघटकेला मासा लागत होता. शुक्रवारी रात्री उत्तरेकडून थंड हवेची लाट आली. गडगडाट झाला, पाऊस झाला आणि शनिवारी पहाटे आभाळ असे निळेशार, धुतल्यासारखे झाले की एखाद्या कवीला आनंद व्हावा. गळकऱ्याच्या पोटात मात्र अशा आभाळाने गोळा येतो. माशाचे रक्त पाण्याइतकेच गार असते. पाणी थंडावले की त्याची हालचाल मंदावते, भूक मंदावते. त्यात लख्ख ऊन पडले की तो बुंध्याच्या सावलीला चिकटून बसतो आणि नाकासमोरून आमिष गेले तरी ढिम्म हलत नाही.

साठ-पासष्ट होड्या अंधारात धक्क्यावरून सुटल्या. प्रत्येकीच्या मागे काठीवर एक पांढरा दिवा. ते दृश्य फार सुंदर होते, हे त्या दिवसाच्या वतीने सांगितले पाहिजे. गुरुवारच्या खाडीत मी पहिला पोचलो. गळ टाकला, ओढला. पुन्हा टाकला, पुन्हा ओढला. साडेनऊपर्यंत मी किती वेळा गळ टाकला असेल ते मोजले नाही, पण खांदा मोजत होता. दोरी हलायची ती वाऱ्याने.

वाऱ्याचे एक निराळेच प्रकरण झाले. उत्तरेचा वारा, मोकळे पाणी आणि तेरा फुटांची हलकी होडी. गळ टाकण्यासाठी पाय थांबवले की होडी पाठीमागे जाई. पाय मारले की सावलीतला मासा दचके. नांगर टाकला तर दोरी बुडालेल्या फांदीत अडके. सकाळच्या एका तासात तीन वेळा मी नांगर सोडवला आणि दोन वेळा गळ तोडून फेकून दिला. शेजारच्या खाडीत एक तरुणी निवांत बसून लागोपाठ मासे धरत होती. वारा तिलाही तितकाच होता. हे मी तिच्याकडे पाहून स्वतःशी म्हणत होतो, आणि त्याने माझा स्वभाव सुधारत नव्हता.

दहाच्या सुमारास पहिला बास लागला. सव्वाचौदा इंच. चला, भोपळा फुटला! मग तासाभरात एक लांब चोचीचा गार, दोन कॅटफिश आणि पुन्हा एक कॅटफिश. पहिला कॅटफिश चांगला चार किलोंचा असेल. आपल्याकडे असा मासा लागला तर आळीत वाटा पोचले असते. येथे त्याची किंमत शून्य, कारण स्पर्धा बासची. त्याला सोडताना त्याने शेपटीने माझ्या तोंडावर पाणी उडवले. साडेबाराला दुसरा बास, सतरा इंचांचा. पण छायाचित्राच्या क्षणी या गृहस्थाने जे तोंड उघडले ते मिटेचना. ओल्या हाताने हळूच दाबले तरी मिटेना. आमच्या त्या स्पर्धेत उघड्या तोंडाला एक इंच दंड होता. माशाने आ वासला म्हणून माणसाचा इंच कापायचा, असा कायदा मनूनेही केला नसता.

आणि दोनला दहा मिनिटे असताना तो आला. बुंध्याशी आमिष जवळजवळ थांबवूनच ठेवले होते. दोरी हलली नाही, नुसती जड झाली. ज्यांनी गळ टाकला आहे त्यांना हे जडपण माहीत आहे. त्यात ओढ नसते, झटका नसतो, फक्त खाली कोणीतरी आहे एवढे कळते. मी काठी उचलली आणि होडीने तोंड फिरवले. मासा मला ओढीत झाडांत नेऊ पाहत होता, मी त्याला मोकळ्यावर. तीन-चार मिनिटे झाली असतील. हातजाळीत आला तेव्हा माझे गुडघे कापत होते. फळीवर ठेवला, नाक टेकवले, तोंड मिटलेले. शेपटीचे टोक साडेएकवीस इंचांच्या रेघेवर. कार्ड शेजारी. डावा हात माशावर, उजव्या हातात फोन. त्याच घडीला वाऱ्याची एक लाट होडीच्या बगलेवर आपटली. मासा एकदाच, सबंध अंगाने, धनुष्यासारखा वाकला आणि फळीवरून उसळून माझ्या मांडीवर, मांडीवरून काठावर, काठावरून पाण्यात. फोनमध्ये छायाचित्र निघाले आहे. त्यात फळी आहे, कार्ड आहे, माझा अंगठा आहे आणि पाण्याचे थेंब आहेत. मी ते जपून ठेवले आहे.

तीनला गळ वर घ्यायचे होते. उरलेल्या तासात आणखी काही झाले नाही. बेरीज झाली सव्वातीस इंच, दंड वजा जाता. क्रमांक एकेचाळीसावा. पहिला आलेल्याची बेरीज शंभराला तीन-चार इंच कमी होती. शेजारच्या खाडीतली ती तरुणी तिसरी आली.

मंडळी, त्या संध्याकाळी धक्क्यावर उभा असताना मला जो वैताग आला, तो कोणत्या जातीचा, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. कुस्तीत हरणे आपल्याला समजते. चीतपट करणारा समोर असतो. त्याच्या अंगाला आपल्याच आखाड्यातली माती लागलेली असते आणि उठून त्याच्याशी हात मिळवता येतो. बुद्धिबळात, कबड्डीत, निवडणुकीत तेच. येथे मला हरवले कोणी? पहिल्या आलेल्या माणसाने माझे काही अडवले नव्हते. तो तर चार मैलांवर होता. मासा म्हणावा तर त्याला स्पर्धेचा पत्ताच नाही. त्याच्या लेखी तेथे इंच नाहीत, कार्ड नाही, तीन वाजणे नाही. एक वाईट दुपार त्याच्या वाट्याला आली आणि तो तिच्यातून निसटला, इतकेच. ज्याला आपण खेळात आहोत हे माहीत नाही, अशा प्राण्याच्या हाती आपली पत सोपवायची आणि मग रागवायचे कोणावर? राग जागा शोधीत फिरतो. वाऱ्यावर जातो, नांगरावर जातो, नियमावर जातो. धक्क्यावरचा प्रत्येक जण निसटलेल्या माशाची कथा सांगत होता. जो जिंकला तोच काय तो गप्प होता.

दुसरी गोष्ट याहून अवघड आहे. तो मासा मी धरला होता. माझ्या हातांना त्याचे वजन आजही आठवते. पण फलकावर तो नाही. धरलेला मासा आणि मोजलेला मासा या दोन वस्तू झाल्या, आणि माझ्यासारख्या जाणत्या माणसाला त्या दिवशी दुसरीच खरी वाटली. धरल्याचा आनंद क्षणभरही टिकला नाही, कारण मोजल्याचे कागद नव्हते. शाळेतल्या गुणपत्रिकेपासून कचेरीतल्या वार्षिक अहवालापर्यंत ही खोड आपल्याला लागलेली आहेच. गळ टाकायला मी गेलो होतो तो तिच्यातून चार घटका सुटायला, आणि तिथेही मी फूटपट्टी घेऊन गेलो.

याच्या उलट एक माणूस सांगतो. १९३२ च्या २ जूनला, अमेरिकेतल्या महामंदीच्या ऐन काळात, जॉर्जिया राज्यातला जॉर्ज पेरी नावाचा तरुण शेतकरी मित्राबरोबर माँटगोमेरी तळ्यावर गेला. पावसाने शेतात काम नव्हते. दोघांत काठी एकच, असे पुढे सांगितले गेले. त्याला बास लागला तो बावीस पौंड चार औंसांचा, म्हणजे सुमारे दहा किलोचा. जगात त्याहून मोठा बास तोवर नोंदला गेला नव्हता. पेरीने तो तोलून घेतला, एका मासिकाच्या स्पर्धेत नोंद पाठवली, पंचाहत्तर डॉलरांचे सामान बक्षीस मिळवले, आणि मासा? मासा घरी नेऊन शिजवला. घरात खाणारी तोंडे होती. सत्याहत्तर वर्षे त्या विक्रमाला कोणी हात लावला नाही. २००९ च्या जुलैमध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांना जवळपास एका औंसाने अधिक वजनाचा मासा लागला, पण विक्रम मोडायला दोन औंस अधिक लागतात, म्हणून दोघांची बरोबरी धरली गेली. कुरिता यांना तर खोटे ओळखणाऱ्या यंत्रापुढेही बसावे लागले. पेरीला बसवले असते तर तो काय म्हणाला असता, याचे मला कुतूहल आहे. पुराव्याचा बहुतेक भाग त्याच्या घरच्यांच्या पोटात गेला होता.

गेल्या हिवाळ्यात मी इकडे आलो तेव्हा वरच्या अंगाला एका धरणावर गेलो होतो. ट्यूबवर बसून जाळे काढणारा एक गृहस्थ काठाला लागला. जाळ्यात चार चिलापी आणि एक लहानसा मरळ, बस्स. मी म्हटले, “आज कमी दिसतात.” तो म्हणाला, “तीन दिस झालं, अशीच गत हाय.” बसलो बोलत. मी त्याला तिकडच्या स्पर्धेची हकीगत सांगितली. होडी, फळी, कार्ड, साडेएकवीस इंच, सगळे. त्याने मन लावून ऐकले. मासा निसटला तिथे त्याने “आरारा” केले, अगदी मनापासून. त्या “आरारा”त आम्ही दोघे एका जातीचे होतो. मग त्याने विचारले, “पन दादा, सापडला असता तरी सोडूनच द्यायचा व्हता ना?” मी हो म्हटले. “मंग गेला काय अन् सोडला काय?” त्याने हे थट्टेने विचारले नाही. मला वाटते त्याला खरोखरच हिशेब लागत नव्हता. त्याचे तीन दिवसांचे रिकामे जाळे म्हणजे तीन दिवसांचे तेल-मीठ होते आणि तो त्याबद्दल माझ्या निम्म्यानेही कुरकुरत नव्हता. उद्या पुन्हा जाळे सोडायचे असते त्याला वैतागाची चैन परवडत नाही, असे मी त्या वेळी मनात म्हटले. पण आता वाटते की ते पुरते खरे नसावे. वैताग त्यालाही आला असेल. तो दाखवायला त्याच्यापुढे फलक नव्हता, एवढेच.

माझ्या ओळखीची काही तरुण मंडळी अलीकडे विचारतात की आपल्याकडे भंडारदऱ्याला किंवा निळवंड्याला अशी स्पर्धा का भरवू नये. पाणी आहे, डोंगर आहेत, पुण्या-मुंबईचे लोक येतीलच. माझा विरोध नाही. मला तर पहिले नाव नोंदवायचे आहे. पण काही गोष्टी आधी बोलून ठेवतो. पावसाळ्यात नको. रोहू, कटला, मृगळ आणि आपले कितीतरी गावठी मासे पावसाच्या नव्या पाण्यावरच वितात, आणि मोजायला म्हणून धरलेली गाभोळीची मादी सोडून दिली तरी ती सुखरूप विईल याचा भरवसा नाही. माशाला कोरडा हात लावायचा नाही, त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघाला की त्याला रोग जडतो. पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाच्या अंगात तरंगते जाकीट पाहिजे. आणि ती जाकिटे विकत घ्याल तेव्हा थोडी जास्त घ्या, कारण त्याच पाण्यावर रोज पहाटे नुसत्या ट्यूबच्या भरवशावर उतरणाऱ्यांच्या अंगात ती नसतात. स्पर्धेची तारीख ठरवण्यापूर्वी त्यांना विचारले पाहिजे. आपण ज्याला क्रीडांगण म्हणणार ते त्यांचे शेत आहे, आणि कोणाच्या उभ्या पिकातून शर्यती न्यायच्या तर बांधावर उभे राहून आधी हाक मारायची रीत आपल्याकडे आहे. ते स्पर्धेत उतरणार असतील तर त्यांच्याकडून प्रवेश फी घेऊ नये आणि त्यांचा मासा मोजून झाल्यावर त्यांना घरी नेऊ द्यावा.

राहिला उघड्या तोंडाचा दंड. तो कलम मात्र मी ठेवू देणार नाही.